खालून वर वाचायची गाडी

अकोल्यात नोकरी लागली तेव्हा जठारपेठेत खोली बघायला गेलो. मालक ओट्यावर उकिडवे बसून चहा बशीत ओतत होते. मी अमरावतीचा आहे, कॉलेजात करआकारणी शिकवतो, लग्न व्हायचं आहे, अंडंसुद्धा खात नाही, असं पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. अंडी खात होतो, पण ते असो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ते राहू द्या. खोली सोडसान कशी?"

"अजून घेतलीच कुठं?"

"म्हनून तं आता इचारून राहिलो. सोडतानी पहिले काय काढसान? पलंग का कपाट?"

मी म्हटलं, पलंग.

"चुकलं. कपाट दाराच्या आड येते. ते निघाल्याबिगर पलंग निघत नाई. मंग आनतानी पहिले काय आनसान?"

मला वाटलं म्हातारा चक्रम आहे. मी हसून मान डोलावली आणि सामान आणताना अर्थातच आधी कपाट आणलं. पलंग दारातून आत जाईना. अकोल्यातली पहिली रात्र मी गल्लीत, स्वतःच्या पलंगावर, अनोळखी कुत्र्यांच्या संगतीत काढली. सकाळी मालक दात घासत बाहेर आले. माझ्याकडं बघितलं, चूळ भरली आणि म्हणाले, "मास्तर, जे सोडता येत नाई ते जोडू नये."

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या लग्नातही ऐकलं. तिथं मात्र काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अक्षता हातात धरूनच त्यांना विचारलं, "मंग मले काहून आनलं?"

ती खोली मुळात माझ्यासाठी नव्हतीच. ती गाडीची होती. भाडेकरू ठेवायचाच असा काकूंनी हट्ट धरला, म्हणून गाडी अंगणात निंबाखाली, ताडपत्रीच्या आड गेली, खोलीचं रुंद दार बुजवून अरुंद केलं आणि तिच्या जागी मी आलो. मालकांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. फक्त पावसाळ्यात ताडपत्री बदलताना ते एकदा गाडीकडं आणि एकदा माझ्या खिडकीकडं बघायचे.

ताडपत्री पहिल्यांदा निघाली तेव्हा मला ते खेळणं वाटलं. लांबट नाक, दोन उघडे डोळे, चाकं अंगाबाहेर आणि दरवाजे मुळीच नाहीत. उंची इतकी, की गल्लीतली शेळी तिच्यावरून मान काढून पलीकडचा पाला खायची. आत बसायचं म्हणजे हौदात उतरावं तसं एकेक पाय सोडत उतरायचं. छत नाही, काचा नाहीत, आणि मालकांच्या मते त्यांची गरजही नाही. "छत कायले? पाऊस आला तं घरी बसा."

मालक मोर्शीकडचे. घरी संत्र्याची बाग. थोरल्या भावानं बाग धरली आणि यांनी जहाज धरलं. विलायतेत एका फाउंड्रीत कामाला लागले. तिथल्या शेजारच्या गावात, एका शेडमध्ये, शर्यतीचं वेड लागलेली मंडळी ही गाडी बनवत. बनवत म्हणजे काय, सांगाडा आणि पत्रा त्यांचा; इंजीन कुणा साध्यासुध्या घरगुती मोटारीचं. वजन इतकं कमी की मोठमोठ्या गाड्यांना वळणावर ही मागं टाकायची. पण खरी गंमत पुढं आहे, आणि ती सांगताना मालकांचा आवाज कीर्तनकारासारखा चढायचा.

त्या काळी तिकडं तयार मोटारीवर सरकार जबर कर घेई. सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून ही मंडळी गाडी पेट्यांत भरून विकत, जोडायची तुमची तुम्ही. सरकार काही दूधखुळं नव्हतं. त्यांनी म्हटलं, भाग विका, पण जोडायचं कसं ते लिहून देता यायचं नाही; लिहून दिलंत तर ती गाडीच धरू. तेव्हा त्या शेडमधल्या कुणा अवलियानं काय करावं? त्यानं गाडी *खोलायची* कशी त्याचा कागद छापला. आधी हे सोडा, मग ते सोडा, सगळ्यात शेवटी अमुक सोडा. कागद पेटीत टाकला. गिऱ्हाइकानं तो खालून वर वाचायचा.

"कर बुडवला म्हणा की," मी करआकारणीचा मास्तर, मला राहवेना.

"बुडवला नाई, उलटा वाचला," मालक म्हणाले.

नोकरी संपवून मालक अकोल्यात घर करायला परत निघाले तेव्हा ही गाडी पेट्यांत बसून बोटीनं मुंबईला आली आणि तिथून मालगाडीनं अकोल्याला. मालधक्क्यावरून जठारपेठेपर्यंत ती बैलगाडीतून आली. जोडणी हे एका माणसाचं आठवड्याचं काम, असं शेडवाल्यांनी सांगितलं होतं. मालकांना त्यात किती बैलपोळे गेले ते काकू हसत हसत मोजायच्या आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

वेळ लागायचं एक कारण असं, की मालकांनी उलटं वाचायचं म्हणजे सगळंच उलटं धरलं. कागदात डावं लिहिलं असेल तिथं उजवं. अर्धी गाडी अशी जोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. सगळं खोलून पुन्हा जोडलं, फक्त दिव्यांच्या तारा तशाच राहिल्या. त्यामुळं ही गाडी डावीकडं वळणार असली की उजवा दिवा लुकलुकायचा. जठारपेठेतल्या भाजीवाल्यांना हे माहीत होतं. मला नव्हतं.

चालवायला ते कुणालाही देत, पण चौकापर्यंतच. मीही एका रविवारी बसलो. पायाखालची तीन पेडलं बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांइतकी जवळ, आणि माझ्या पायांत कॉलेजातले रुंद, टाच ठोकलेले बूट. मालक अनवाणी चालवायचे, मला म्हणालेही, "जोडे काढा." मी म्हटलं, सवय आहे. चौकात डावीकडं वळायचा इशारा दिला. मागच्या रिक्षावाल्यानं उजवा दिवा बघून माझ्या डावीकडूनच गाडी काढली. मी घाबरून ब्रेक दाबला आणि त्याच बुटाच्या दुसऱ्या काठानं ॲक्सिलरेटरही दाबला. गाडी जागच्या जागी डरकाळ्या फोडू लागली. मी ब्रेक सोडला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेवटचा तुकडा असा, की मी गाडीसकट फिरून मालकांच्याच ओट्याला टेकलो आहे आणि काकूंनी बाजारासाठी ओवून ठेवलेल्या झेंडूच्या माळांची अख्खी टोपली माझ्या मांडीवर आहे.

काकू हिवरखेडच्या, फुलं पिकवणाऱ्या घरच्या. पहाटेपासून ओट्यावर बसून हार ओवायच्या आणि बाजारात पाठवायच्या; बोलता बोलता, भांडता भांडता बोटं चालूच. त्यांनी माझ्या गळ्यातली एक माळ सोडवली आणि म्हणाल्या, "चाला, दसऱ्याची पूजा आताच झाली. भाऊ, लागलं तं नाई ना?"

मालक मात्र वाकून नटबोल्ट तपासत होते. मी ओशाळून एक सुटलेला स्क्रू उचलायला हात घातला.

"हात लावू नका!"

इतक्या जोरात ते त्याआधी कधी बोलले नव्हते. कारण असं, की त्या विलायती सवलतीत आणखी एक अट होती. गाडी घेणाऱ्यानं स्वतः जोडायची. पैसे देऊन मेकॅनिक लावला तर सवलत गेली. मालकांनी तिकडं तशी सही केली होती. म्हणून अकोल्यात, इतक्या वर्षांनी, त्या गाडीला मालकाशिवाय कुणाचा पाना लागलेला नव्हता. पैसे घेणाऱ्याचा नाही आणि फुकट्याचाही नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कधी कौतुकानं बघायला आला तर मालक त्याच्या दोन्ही हातांत कपबशी द्यायचे. चहा संपला की पुन्हा भरायचे.

मी एकदा शहाणपणा केला. मोबाइलवर शोधून काढलं, की तो करच तिकडच्या सरकारनं पुढं मोडीत काढला. नवा कर आणला, तो सुट्या भागांवरही लागतो. पेट्यांतल्या गाड्यांची सद्दी त्यानंतर ओसरली. शेडच्या मूळ मालकानं हे मॉडेलच आपल्या एका विक्रेत्याला देऊन टाकलं, आणि तो अजून तसल्याच गाड्या बनवतो. मी ओट्यावर जाऊन ही बातमी परीक्षेचा निकाल सांगावा तशी सांगितली. म्हटलं, "मालक, ती अट केव्हाच मेली. तुम्ही मोकळे आहात."

"अट तिकडं मेली असंन," ते म्हणाले. "सही माही हाय, आन मी तं जित्ता हाय." मग जरा वेळानं, "पन त्यानं देऊन टाकली काहो? सोताचं पोरगं असं देते का कोनी?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी माझ्याकडं जे बघितलं, त्यानंतर मी मोबाइलवर फक्त पावसाचा अंदाज बघायचं ठरवलं.

बाकी त्यांचं सगळं जगणंच त्या कागदासारखं झालं होतं. कागद वाळवीनं केव्हाच खाल्ला, पण त्यांना तो दोन्ही बाजूंनी पाठ होता. कुणाला पत्ता सांगायचा तर पोचायच्या दारापासून सुरुवात करून एसटी स्टँडपर्यंत यायचे. ऐकणारा तिथंच उभा असायचा आणि त्याला वाटायचं आपण फिरून परत आलो. कुणी गेल्याची बातमी तेरवीच्या जेवणापासून सांगायचे. जेवणात आधी गोड. संध्याकाळी गाडीजवळ बसून पोथी म्हणावी तसा तो कागद खालून वर म्हणायचे, आणि काकू आत भाकरी थापता थापता चुकलं तर बाहेर ओरडायच्या, "पहिले कमान, मंग नळी!"

मग मालकांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी बशी वाजायची. मग चहा सांडायला लागला, तेव्हा काकू अर्धाच कप देऊ लागल्या आणि साखर महाग झाल्याचं सांगू लागल्या. अमरावतीला मुलगी असते, तिनं मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे जाणार नाही, सांभाळायचं. त्याच सुमारास गाडीची क्लचप्लेट गेली. इंजीन बाहेर काढल्याशिवाय ती बदलता येत नाही.

एका दुपारी मी खिडकीतून बघितलं. मालक एक नट बोल्टवर चढवायचा प्रयत्न करत होते. आटे लागत नव्हते. नट पडायचा, ते शोधायचे, पुसायचे, पुन्हा धरायचे. शेवटी तो नट त्यांनी खिशात टाकला. मी बाहेर गेलो.

"सोडायले हात हालला तरी चालते, मास्तर," ते म्हणाले. "जोडायले नाई चालत. आता इंजीन काढलं तं ते पुन्हा बसत नाई माह्याच्यानं. नाई काढलं तं गाडी अशीच मेली."

"मग काय करायचं?"

"तेच तं पाहून राहिलो."

मी काय केलं? मी शहाणपणाचा दुसरा हप्ता भरला. ओळखीच्या एका मेकॅनिकला माझा मावसभाऊ म्हणून घरी आणलं. म्हटलं, हळूच बघून ठेवील, मालक झोपले की थोडं थोडं काम उरकून टाकील. मालकांनी पाहुण्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"नखं कायनं काळी झाली?"

"शाई," मी म्हणालो. "बँकेत असतो."

"ब्यांकेत आता शाईचं ग्रीस निंगालं का?" ते म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अवं, पाव्हन्यायले चहा टाक. भरून." मावसभाऊ पाच कप चहा पिऊन गेला. पुन्हा माझ्या हाकेला कधी आला नाही.

होळी झाल्यावर मालकांनी मला हाक मारली. निंबाच्या फांदीला कप्पी बांधली होती. दोर ओढायला परका माणूस चालतो, पान्याला नाही, असा त्यांनी निवाडा दिला. दोर माझ्याकडं आला. माझ्यासमोर पहिल्यांदाच ते तो कागद वरून खाली म्हणत होते. छापला होता तसा, सरळ. एकेक नट सुटत गेला. इंजीन लोंबकळत वर आलं. मला वाटलं झालं, पण ते थांबेनात. चाकं, स्टिअरिंग, दिवे, सीट. अर्ध्यात थांबता येत नाही म्हणाले. चारपाच दिवसांत गाडी नाहीशी झाली आणि अंगणभर गोणपाटांवर तिचे भाग मांडले गेले. काकू त्यांच्यातून वाट काढत तुळशीला पाणी घालायच्या.

मालक त्यानंतर अंगणात यायचेच बंद झाले. आत पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडायचे. कागद म्हणणं थांबलं. मुलीनं फोनवर सुचवलं, की आता भंगारवाल्याला बोलवावं, बाबांच्या डोळ्यांसमोर नको. काकू म्हणाल्या, "पाहू अखाजीपर्यंत."

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सकाळी मी घरीच होतो. आमच्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर दान देतात. घागर दाराशी भरून ठेवली होती, भटजी पूजा सांगून पुढच्या घरी गेले होते, घागर परतताना नेणार होते. मालक सोवळ्यात पाटावर बसले होते, उठत नव्हते. मग त्यांनी काकूंना हाक मारली, "समोर बस."

"काहून?"

"बस ना. हात पुढं कर."

काकूंनी हात पुसून पुढं केला. मालकांनी पळीत पाणी घेतलं. पळी इतकी हलत होती की अर्धं पाणी ताम्हनात जायच्या आधीच त्यांच्या मांडीवर सांडलं. उरलेलं त्यांनी तुळशीच्या पानावरून काकूंच्या तळहातावर सोडलं.

"गाडी तुले देली," ते म्हणाले. "इंजिनासकट. आता माही नाई."

काकू तळहातातल्या पाण्याकडं बघत राहिल्या. "दानात घागर देतेत. मी काय करू त्या लोखंडाले?"

"मालकीन जोडू शकते. कायद्यात हाय."

"मले येते का ते?"

"कागद तुले माह्याहून पक्का पाठ हाय. आन तुह्या बोटात आटे चुकत नाईत. झेंडूच्या देठातून सुई घालतं तू, ते काय अलग हाय?"

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण घागरीला धक्का न लावता दारातून बाहेर पडता येत नव्हतं. काकूंनी मूठ मिटली.

"माही झाली म्हंजे माहीच ना? मंग कुठं न्यायची ते मी ठरवीन. इतकी वर्सं झाली, चौकाच्या पुढं गेली नाई. रस्त्यात कोनी हात लावंन म्हनून तुमी जपली. माह्या बहिनी हासतात, म्हनतात तुह्या नवऱ्याची गाडी लंगडी हाय का? हिवरखेडले नेईन मी."

"अवं, अकोटाकडचा रस्ता..."

"माही हाय का नाई?"

"हाय," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकू पहाटे फुलं ओवायच्या आणि उन्हं चढायच्या आत पाना धरायच्या. मालक खाटेवर बसून खालून वर म्हणायचे. त्यांचा हात सवयीनं पुढं यायचा, तेव्हा काकू नुसत्या मान वर करायच्या आणि तो हात मांडीखाली जायचा. भांडणं झाली. दिव्यांच्या तारांवरून तर दोन दिवस अबोला होता. काकू म्हणाल्या डावी डावीकडंच लावीन. मालक म्हणाले अख्ख्या जठारपेठेला आता उलटीच सवय झाली आहे, लोक मरतील. शेवटी मालकिणीच्या मनासारखं झालं. मला दोर ओढायला मिळाला, आणि एकदा दोर सोडायची खूण चुकून आधीच ऐकली म्हणून त्यानंतर तोही नाही. मी चहा करत असे.

मृग लागायच्या बऱ्याच आधी, नवी क्लचप्लेट बसवून, एका सकाळी इंजीन सुरू झालं. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. मालक टाळ्या वाजवत होते. की हातच तसा हलत होता, मला ठरवता आलं नाही. काकू माहेरी बापाचा ट्रॅक्टर चालवलेली बाई. पदर खोचून, चपला काढून हौदात उतरल्या. मालक डाव्या बाजूला बसले. त्या बाजूनं चढायचं कसं ते त्यांना माहीतच नव्हतं, चारदा पाय अडकला.

दुपारी माझा फोन वाजला. मालक होते. अकोटाच्या अलीकडं गाडी बंद पडली होती.

मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, "मालक, मी येतो. कुणाला घेऊन येऊ का?"

"कायले?" त्यांचा आवाज इतका मोकळा मी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. "ती खाली घुसून राहिली, पाना घेऊन. लोक जमलेत पन्नासेक. सारे सांगून राहिले कसं करायचं ते. ती कोनाचं ऐकते काय!"

मागून काकूंचा आवाज आला, "बोलनं बंद करा आन नीट धरा!"

"काय धरलंय तुम्ही?" मी विचारलं.

"छत्री, मास्तर. उन्ह लय हाय, तिच्या डोक्शावर येते. ठेवतो मी फोन. एका हातानं हालते ती, दोनी हातानं धरा लागते."